डिझेल गाडीचे ऑइल आणि त्याचा फिल्टर

डिझेल इंजिनात ऑइलला चार कामे असतात. फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून लोखंडाला लोखंड लागू न देणे, पिस्टनच्या बुडाची उष्णता काढून नेणे, जळणातून तयार होणारे आम्ल मारणे आणि काजळी धुऊन ती आपल्या अंगात धरून ठेवणे. पहिले काम सगळ्यांना ठाऊक असते. शेवटच्या कामाकडे सहसा कोणी बघत नाही, आणि डिझेल गाड्यांची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

डिझेल जळताना काजळी होतेच. तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. ऑइलमध्ये घातलेली रसायने त्या काजळीच्या गाठी होऊ देत नाहीत, तिचे कण सुटे आणि तरंगते ठेवतात. म्हणून डिझेल गाडीत टाकलेले मधासारखे ऑइल दोन-चार दिवसांत काळे होते. काळे होणे म्हणजे खराब होणे नव्हे. ते काम करत असल्याची ती खूण आहे. तसेच दोन बोटांत थेंब चोळून "अजून चिकट आहे, चालेल महिनाभर" असा निकाल देण्यालाही अर्थ नाही. आम्ल मारण्याची ताकद किती उरली, हे बोटाला कळत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या मेढा, कुडाळ, केळघर या पट्ट्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: कोणत्या कंपनीचे ऑइल चांगले? प्रश्नच चुकीच्या जागी आहे. नामांकित कंपन्यांत डावे-उजवे करण्यापेक्षा डब्यावरच्या दोन ओळी वाचाव्यात आणि त्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेशी ताडून बघाव्यात. ती पुस्तिका बहुतेक घरांत आरसी बुकासोबत कपाटात असते, आणि नव्या गाडीच्या पूजेनंतर ती कोणी उघडलेली नसते.

पहिली ओळ घट्टपणाची. १५डब्ल्यू-४० यात डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा घट्टपणा किती राहतो ते सांगतो. आधीचा आकडा जितका लहान, तितके पहाटेच्या थंडीत ऑइल लवकर वर चढते. जुन्या जीप आणि पिकअपला बहुधा १५डब्ल्यू-४० सांगितलेले असते, नव्या गाड्यांना पुष्कळदा ५डब्ल्यू-३०. "घाटाची गाडी आहे, जाड ऑइल घाला" हा सल्ला मात्र सर्रास दिला जातो. त्याचे मूळ बहुधा विहिरीवरच्या इंजिनात आहे. सातारा-सांगली हा कूपर आणि किर्लोस्कर यांच्या इंजिनांचा मुलूख. मळ्यातले ते संथ इंजिन मिनिटाला सहाशे ते दीड हजार फेरे घ्यायचे आणि एकेरी ग्रेडच्या जाड ऑइलवर वर्षानुवर्षे चालायचे. आजच्या पिकअपचा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याची दांडी केवळ ऑइलच्या थरावर तरंगते. सकाळी इंजिन चालू केल्यावर जाड ऑइल तिथे उशिरा पोचते, आणि तेवढ्या सेकंदांत दांडी कोरडी फिरते.

दुसरी ओळ प्रतीची. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या खुणेत एस म्हणजे पेट्रोल आणि सी म्हणजे डिझेल. सीएच-४ ही प्रत १९९८ ची, सीआय-४ २००२ ची, सीके-४ २०१६ च्या अखेरीची. जुन्या गाडीला यांतली पुढची प्रत साधारणपणे चालते. नव्या गाडीला मागची चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअप-मोटारींच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. अडकलेली काजळी गाडी स्वतःच ती जाळी तापवून जाळून टाकते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती जाळीत कायमची साठते. म्हणून अशा गाडीला पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच ऑइल लागते. जाळी जाळून साफ करताना काही गाड्यांत जादा डिझेल सोडले जाते. मेढ्यातल्या मेढ्यात फिरणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल चेंबरमध्ये उतरते. मग गेजच्या काडीवर ऑइल वाढलेले दिसते. मालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही! वाढलेली पातळी ही कमी झालेल्या पातळीइतकीच वाईट बातमी आहे. ते ऑइल डिझेलने पातळ झालेले असते, ते लगेच बदलावे.

आता फिल्टर. ऑइलवर पाच-सहा लिटरचा खर्च बिनतक्रार करणारा माणूस काउंटरवर म्हणतो, "फिल्टर मागच्याच वेळी टाकलाय, या खेपेला राहू दे." नवे ऑइल आणि जुना फिल्टर ही जोडी इंजिनाचे नुकसान करते. जुन्या फिल्टरच्या पोटात पाव ते अर्धा लिटर काळे ऑइल असते. नवे ऑइल त्यात मिसळले की पहिल्या मिनिटालाच बाटते. पण हे नुकसान लहानच.

मोठे नुकसान समजायला फिल्टर आतून कसा असतो ते पाहिले पाहिजे. डब्यात घड्या घातलेला कागद गोल बसवलेला असतो. कडेच्या लहान भोकांतून घाण ऑइल आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या भोकातून स्वच्छ होऊन बाहेर पडते. कागद गच्च भरला तर ऑइल अडेल आणि इंजिन कोरडे पडून जागच्या जागी जाम होईल. ते टाळण्यासाठी एक स्प्रिंगची झडप ठेवलेली असते. दाब वाढला की ती उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते. कोरड्यापेक्षा घाण बरे, एवढाच तिचा हिशेब. झडप उघडली म्हणून समोर कोणताही दिवा लागत नाही. ऑइलचा लाल दिवा दाब दाखवतो, स्वच्छता दाखवत नाही. गाडी नेहमीसारखी चालते, घाट चढते, वडाप मारते. काही महिन्यांनी टर्बो शिट्टी देऊ लागतो, मग निळा धूर, मग इंजिनकाम. तेव्हा दोष ऑइलच्या कंपनीवर जातो. फिल्टरचे नावही निघत नाही.

याच्यापुढची मजल म्हणजे फिल्टर धुणे. मधल्या भोकातून डिझेल ओतायचे, खळखळवायचे, एअर मारायची आणि परत बसवायचा. मधले भोक स्वच्छ ऑइलचे! कागदाच्या बाहेरच्या अंगाला धरलेली घाण तिथे आणून ठेवल्यावर फिल्टर गाळणार काय? हवेच्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात ती वेगळीच. चहाची गाळणी धुता येते, हा कागद धुता येत नाही. हे काही वाहनधारकांना चार-चार वेळा सांगून झाले आहे, आणि तरी गॅरेजच्या फळीवर उलटा घालून निथळत ठेवलेला फिल्टर दिसतोच. ऑइल बदलले की फिल्टर बदलायचा. त्यात या खेपेला नको, पुढच्या खेपेला टाकू, असे काही नसते.

काढलेला जुना फिल्टर फेकण्याआधी कापून घड्या उलगडून बघाव्यात. नुसती काळी चिकट काजळी असेल तर ठीक. पितळी किंवा चंदेरी चमक दिसली तर बेअरिंग झिजू लागले आहे, आणि हे इंजिन ठोके देण्याच्या बरेच आधी कळते. स्वस्त नकली फिल्टर ओळखायलाही हाच उपाय: त्यात घड्या कमी निघतात, कधी झडपच नसते.

किती किलोमीटरला बदलावे? पुस्तिकेतला आकडा ही कमाल मर्यादा समजावी. हमरस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २०० तास. केळघरच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, ताशी २० च्या सरासरीने, तेच किलोमीटर ५०० तास होतात. स्ट्रॉबेरीच्या हंगामात माल भरेपर्यंत बांधाला इंजिन चालू ठेवून उभी असलेली पिकअप तर तास मोजते, किलोमीटर मोजतच नाही. घाटात आणि धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने हा आकडा निम्म्यावर आणावा. गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आतला दमटपणा उडत नाही आणि झाकणाखाली दुधट फेस धरतो. तो फेस रोज वाढत असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे.

पिंपातले सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, नाहीतर त्यातच पुन्हा भरून विकले जाते. ट्रॅक्टरच्या गिअर आणि ब्रेकचे ऑइल इंजिनात चालत नाही. कमी पडल्यास त्याच ग्रेडचे आणि प्रतीचे दुसऱ्या कंपनीचे ऑइल घालता येते.

बदलताना इंजिन कोमट असावे. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घालावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघावे. रिंगेवर रिंग बसली तर दाबाने सगळे ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येते. नव्या रिंगेला ऑइलचे बोट लावावे, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग पाऊण फेरा, पाना न लावता. इंजिन चालू करून लाल दिवा विझेपर्यंत रेस करू नये. नंतर बंद करून दहा मिनिटांनी काडी बघावी; पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या पुढे नको.

काढलेले काळे ऑइल ओढ्यात ओतू नये. मेढ्याचा प्रत्येक ओढा वेण्णा नदीला मिळतो आणि वेण्णा कण्हेर धरणात जाते. कायद्याने हे ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. नव्या फिल्टरच्या बुडावर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या खेपेला काउंटरवर आठवत बसावे लागणार नाही.