वारसा, भेट आणि आयकर

आईवडिलांच्या पश्चात मुलांच्या नावावर आलेले घर, शेती, दागिने किंवा ठेवी यांवर भारतात वारसाकर नाही. 1953 च्या कायद्याने तो ‘इस्टेट ड्यूटी’ या नावाने होता. मार्च 1985 मध्ये तो उठला. मृत्युपत्राने काही मिळाले तर नात्याचीही अट नाही. नात्यागोत्याबाहेरच्या माणसाने मृत्युपत्र करून घर दिले, तरी घेणाऱ्याला त्यावर आयकर पडत नाही. मात्र त्या घराचे भाडे आणि ठेवीचे व्याज मालक गेल्याच्या दिवसापासून वारसाचे उत्पन्न ठरते.

मृताने भरायचा राहिलेला कर कोणी भरायचा, हा प्रश्न घरोघरी भीती निर्माण करतो. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाला भरावे लागते. त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. मात्र मागील थकबाकीची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांनी काहीच मागे ठेवले नसेल, तर मुलाच्या पगारातून त्यांचा कर वसूल होत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ हयातीत दिलेल्या भेटींबद्दल आहे. 1958 चा भेटकर ऑक्टोबर 1998 पासून थांबला. तो देणाऱ्यावर होता. 2004 पासून प्रश्न घेणाऱ्याच्या उत्पन्नाचा झाला. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात आलेल्या रकमांची बेरीज 50,000 रुपयांच्या पुढे गेली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते. नातेवाइकांच्या भेटीला मर्यादा नाही. पण नातेवाईक कोण, हे कायद्याने ठरवून दिले आहे. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, पतीपत्नी, भाऊबहिणी, पतीचे किंवा पत्नीचे भाऊबहिणी, काका, आत्या, मामा, मावशी आणि या सर्वांचे जोडीदार त्यात येतात. वहिनी येते, साडूही येतो. चुलतभाऊ, मावसबहीण आणि व्याही येत नाहीत.

या यादीत एक विसंगती आहे. काकाने पुतण्याला पाच लाख दिले तर कर नाही, कारण पुतण्याच्या दृष्टीने काका हा वडिलांचा भाऊ. तेच पाच लाख पुतण्याने म्हाताऱ्या काकाला दिले तर ते काकाचे करपात्र उत्पन्न, कारण काकाच्या यादीत भावाची मुले नाहीत. अपत्य नसलेल्या आत्याला भाच्यानेच सांभाळायचे, ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट. तिच्या औषधपाण्याचा खर्च त्याने परस्पर केला तर भाग वेगळा. तिच्या खात्यात मोठी रक्कम टाकली की नियम आड येतो. हा नियम अन्यायकारक आहे आणि तो बदलायला हवा. तोवर रक्कम खरोखर उसनी असेल तर ती बँकेमार्फत द्यावी आणि तसा लेख करून ठेवावा.

लग्नात वधूवरांना मिळालेला आहेर करमुक्त आहे, मग तो कोणीही दिलेला असो. ही सूट लग्न करणाऱ्यांनाच आहे. त्यांच्या आईवडिलांना मित्रांनी दिलेल्या पाकिटांना नाही, तसेच मुंज, वाढदिवस किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस यांनाही नाही. शिवाय एका व्यक्तीकडून एका प्रसंगी दोन लाख वा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. नाते कितीही जवळचे असले तरी.

पत्नीला किंवा सुनेला भेट दिल्यावर कर नसतो, पण त्या पैशाचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. आईला किंवा सज्ञान मुलाला दिलेल्या पैशाला हे लागू नाही. आयकर नाही म्हणजे मुद्रांक शुल्क नाही, असेही नव्हे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे; स्थानिक अधिभार वेगळा. भावाबहिणीला ही सवलत नाही.

वारशाने आलेली मालमत्ता विकताना मात्र कराचा विचार करावाच लागतो. नफा काढताना वारसाला ती फुकट मिळाली असे धरत नाहीत. मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव घेता येतो. म्हणून जुने खरेदीखत आणि मूल्यांकनाचा दाखला जपून ठेवावा. घर किंवा जमीन विकल्यावर दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून 20 टक्क्यांचा हिशेबही करता येतो, आणि दोन्हींपैकी कमी कर भरावा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाही. ग्रामीण म्हणजे सात-बारावर शेती एवढेच पुरत नाही. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीपासूनचे अंतर पाहिले जाते. त्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या 10,000 ते एक लाख असेल तर 2 किलोमीटर, दहा लाखांपर्यंत 6 आणि त्यापुढे 8 किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात.