रुग्णाचा शब्द, यंत्राचा आकडा

चिंचोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला कामण-भिवंडीचा रस्ता मिळतो. इथला आजारी माणूस कधी वसईला जातो, कधी भिवंडीला. दुखणे मोठे निघाले तर मुंबईला. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत केसपेपर, एक्स-रे, घडीवर फाटलेल्या चिठ्ठ्या. दर दवाखान्यात ती पिशवी नव्याने उपसली जाते. तिच्यातले ज्ञान यंत्रालाही वाचता यावे म्हणून झटणारे डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका आणि संगणकतज्ज्ञ आज चिंचोटीत जमले आहेत. स्वागत समितीतर्फे त्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

कागदाचा फोटो काढून यंत्राला दिला, एवढ्याने भागत नाही. एक डॉक्टर ‘शुगर’ लिहितो, दुसरा ‘डी. एम.’, तिसरा ‘मधुमेह’. माणसाला तिन्ही एकच. यंत्राला तीन निराळे शब्द. ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहात मात्र मधुमेहाला एकच क्रमांक आहे : ७३२११००९. तो रुग्णाबरोबर गेला की अक्षर बदलो, दवाखाना बदलो, अर्थ तोच राहतो. भारत २०१४ साली या व्यवस्थेचा सदस्य झाला आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅककडे आले. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले; त्यातला आभा क्रमांक १४ अंकी. माणसाला आकडा मिळाला, आजारालाही मिळाला.

राहिला तो रुग्णाचा शब्द.

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे अर्धांगवायू. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे बाईचा रक्तस्राव किंवा पांढरे पाणी. मधला एक शब्द गळला की मेंदूच्या डॉक्टरकडे जायची बाई स्त्रीरोगतज्ज्ञाच्या रांगेत. ‘नागीण झाली’ हे शब्दशः घेणाऱ्या यंत्राला साप दिसेल, कमरेवरचे जळजळणारे फोड दिसणार नाहीत. म्हणून समितीचा आग्रह आहे, की मराठीतली ही बोलणी, वारली, सामवेदी आणि वाडवळीसकट, त्या आकड्यांशी आधी जोडली जावीत.

खाटेजवळची नोंद किती दूर जाते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांपाशी बसून उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय या खुणा टिपल्या. १९८२ साली ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीने कितीतरी जीव वाचले. एका डॉक्टरने हाताने केलेले हे काम शेकडो आरोग्य केंद्रांच्या नोंदींवर यंत्राला करता येईल, पण रुग्ण जे बोलला तेच तिथे उतरलेले असले तर.

यासाठीच पहिले सत्र आशा सेविकांचे ठेवले आहे. ‘जीव घाबरतो’ म्हणणाऱ्या बाईची छाती धडधडते, तिला धाप लागते की घरातल्या कशाची धास्ती आहे, हे त्या दारात उभ्या उभ्या कसे विचारून घेतात, ते सगळ्यांनी आधी ऐकायचे आहे.