जुने व्हिडिओ गेम आणि नवा चरितार्थ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मारेगाव येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्काराच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली. अशा वेळी वक्त्याने डॉक्टरी, इंजिनियरिंग, तलाठ्याची परीक्षा यांविषयी बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र आज जुन्या व्हिडिओ गेमविषयी आणि त्यांवर चालणाऱ्या रोजगाराविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला येथून दिसत आहेत. त्याच आठ्या एके काळी माझ्याही कपाळावर होत्या. म्हणूनच हा विषय घेतला.

१९९६ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात मी आलेख शिकवीत होतो. एक मुलगा आलेखवहीतील चौकोन एकाग्रतेने रंगवीत बसला होता. जवळ जाऊन पाहतो, तो टोपी घातलेला एक मिशाळ माणूस! टीव्हीला जोडून खेळावयाचे कॅसेटचे गेम त्या वेळी घरोघर येऊ लागले होते. त्यांतला हा मारिओ. मी ते पान टरकावले, हातावर दोन छड्या दिल्या आणि म्हणालो, "खेळून कोणाचे पोट भरले आहे काय रे?" सारा वर्ग हसला.

तीन वर्षांपूर्वी तोच विद्यार्थी माझ्या घरी आला, पाया पडला. पुण्यातील एका कंपनीत तो गेमसाठी चित्रे काढतो. म्हणाला, "गुरुजी, मी अजूनही चौकोनच रंगवतो." छडीचा त्याने उच्चारही केला नाही. न उच्चारलेली ती छडी मला अधिक लागली.

त्या दिवशी तो गुरू झाला आणि मी विद्यार्थी. त्याने सांगितले, की १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेल्या यंत्रात कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती. चित्र बसवायचे ते ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनात, आणि त्यातही एका वेळी तीनच रंग. १९८५ चा संपूर्ण मारिओ गेम ४० किलोबाइटचा. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो! जागा वाचावी म्हणून त्या खेळातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच ठेवला आहे. केवळ रंग पालटला. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण त्या कारागिरांनी अक्षरशः पाळली. ज्या आलेख कागदावर मी त्याला छडी मारली, तो कागदच त्या कलेची पाटी होती.

आता पालकांचा प्रश्न : या जुन्या वस्तूंना आज विचारतो कोण? त्याचे उत्तर तीन प्रकारच्या कामांत आहे.

पहिले काम, जुने खेळ नव्या यंत्रांवर आणून चालू ठेवण्याचे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी करून दाखविले, की त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ आज बाजारात विकत मिळत नाहीत. जे टिकले, ते कोणीतरी राबून टिकविले म्हणून. १९८० साली जपानात जन्मलेला पॅक-मॅन आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचा मोबाईलवरील अधिकृत खेळ चालविण्याचे काम २०२१ साली बन्दाई नाम्को या मूळ मालकाने सोपविले, ते आपल्या पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीकडे.

दुसरे काम, जुना खेळ नव्याने घडविण्याचे. येथे मला कटू सत्यही सांगितले पाहिजे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील २००३ सालचा एक गाजलेला खेळ नव्या रूपात आणण्याचे काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे होते. २०२० च्या सप्टेंबरात त्याची घोषणा झाली. चित्रे रसिकांच्या पसंतीस उतरली नाहीत, तारीख पुढे पुढे गेली, २०२२ च्या मे महिन्यात ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलला नेण्यात आले आणि २०२६ च्या जानेवारीत कंपनीने ते कायमचे थांबविले. तेव्हा या धंद्यात सरकारी नोकरीची शाश्वती नाही, हे समजूनच पाऊल टाकावे. परंतु आपण कापूस पिकविणारी माणसे. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्यांना अनिश्चिततेचे भय मी काय घालावे?

तिसरे काम, जुन्या घाटणीचे नवे खेळ करण्याचे. एरिक बॅरोन नावाचा अमेरिकन तरुण २०११ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून त्याने एक खेळ करावयास घेतला. चित्रे, संगीत, संवाद, आज्ञावली, सारे एकट्याने. त्या काळात तो नाट्यगृहात अर्धवेळ द्वारपालाचे काम करी. सुमारे साडेचार वर्षांनी, २०१६ च्या फेब्रुवारीत, 'स्टारड्यू व्हॅली' प्रसिद्ध झाला. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा हा खेळ आहे शेतीचा! डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या. असा भाग्यवान लाखांत एखादाच, हे खरे. पण त्याची चिकाटी प्रत्येकाला उचलता येईल.

मागील वर्षी आपल्याच वधूवर मेळाव्यात एका मुलाने व्यवसायाच्या रकान्यात 'गेम डेव्हलपर' असे लिहिले होते. एका वधूपित्याने मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, पोरगा जुगार तर खेळत नाही ना?" बोलणी तेथेच थांबली. त्या सद्गृहस्थांना मी दोष देत नाही; पैसे लावून खेळावयाच्या मोबाईल खेळांनी कित्येक घरांची राखरांगोळी केली आहे. परंतु भेद ध्यानात घ्यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. पैसे न लावता खेळावयाच्या खेळांना मात्र उत्तेजनच दिले. पत्ते कुटणारा वेगळा आणि छापखान्यात पत्त्यांवर राजा-राणी रेखाटणारा वेगळा.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. दिवसभर मोबाईलवर बोटे फिरविणे हा या धंद्याचा अभ्यास नव्हे. खेळणारे कोट्यवधी आहेत. मजुरी मिळते ती घडविणाऱ्याला. चित्रकला, संगीत, गणित वा आज्ञावली, यांपैकी एक अंग पक्के करा. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात संगणकाचे शिक्षण घ्या, किंवा आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स करून जुनी यंत्रे उघडून दुरुस्त करावयास शिका. गोडो हे खेळ बनविण्याचे साधन विनामूल्य मिळते. त्यावर एक लहान खेळ करा, पण तो पुरा करा. अर्धवट दहा कामांपेक्षा पुरे केलेले एक काम मालकाला अधिक सांगते. ग्लोबल गेम जॅम नावाचा उपक्रम २००९ पासून दर वर्षी जानेवारीत होतो. त्यात थोड्या दिवसांत खेळ रचावयाचा असतो. त्यात उतरा, ओळखी होतील. खेळातील चुका शोधणाऱ्या परीक्षकाची जागा पहिल्याने मिळाली, तर कमीपणा मानू नका. आणि एक लक्षात ठेवा : खेळ जुना झाला म्हणून बेवारस होत नाही. दुसऱ्याचा खेळ उतरवून विकणे ही चोरी होय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीला ग्रंथाप्रमाणेच संरक्षण आहे.

पालकांना माझी विनंती एवढीच : मुलगा वा मुलगी खेळाचे नाव काढील, तेव्हा "किती वेळ खेळलास?" एवढेच विचारून थांबू नका, "काय घडविलेस? दाखव," असेही म्हणा. दाखविण्यासारखे काही नसेल, तर अवश्य रागवा. असेल, तर मात्र क्षणभर बसून पाहा.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र सूचना, की आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत या शिक्षणाचाही समावेश व्हावा. त्या निधीस मी माझ्या निवृत्तिवेतनातून एक हजार एक रुपयांची अल्प देणगी देत आहे. तिच्याबरोबर आलेखवह्यांचे एक डझनही ठेवले आहे. टरकावलेले एक पान मला परत जोडता येत नाही. या वह्या तरी योग्य हाती पडाव्यात.