हलक्या हाताचा फटका



मल्लेश्वरमच्या सँकी तलावापासून सँकी रस्त्याने दक्षिणेस निघाले, की थोड्याच अंतरावर बंगलोर गोल्फ क्लबचे मैदान लागते. हा क्लब 1876 सालचा. नवख्याला गोल्फ म्हणजे दूरवर उडणारा चेंडू वाटतो. तथापि पार 72 च्या मैदानावर 36 फटके, म्हणजे निम्मे, खळग्याभोवतीच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवण्यासाठीच धरलेले असतात. ह्या फटक्याला 'पट' म्हणतात. येथे बळाचे काही चालत नाही.

पट साधण्यास दोन गोष्टी लागतात: दिशा आणि वेग. चेंडू कोणत्या दिशेने निघेल, हे मुख्यतः टक्कर होते त्या क्षणी पटरचे तोंड कोठे वळले आहे, ह्यावर ठरते. म्हणून मनगटे स्थिर ठेवून खांद्यांनी काठी झुलवावी, घड्याळाच्या लंबकासारखी. वेग वाढवायचा तो झटक्याने नव्हे, झोका लांबवून. चेंडू गेला का, हे पाहण्यासाठी मान लगेच उचलली, की खांदे वळतात आणि फटका बिघडतो.

सरावाला मैदानच हवे असे नाही. सतरंजीवर मीटरभर लांबीची पोलादी पट्टी ठेवावी आणि तिच्यावरून चेंडू घरंगळवावा. तोंड किंचित तिरपे असले, तरी चेंडू मध्येच खाली उतरतो. पट्टी कोणाची भीड धरीत नाही. वेगाचा अंदाज मात्र हिरवळीवरच येतो. तेथे निरनिराळ्या अंतरांवरून खेळावे, आणि चुकलेला चेंडू खळग्यापुढे फूट-दीड फुटावर थांबेल इतकाच वेग द्यावा.

ह्या कौशल्याचे मोल बंगळूरच्याच अदिती अशोकने दाखवून दिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, लांब फटक्यांत ती बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती. जागतिक क्रमवारीत 200 वी असलेली ही खेळाडू पटरच्या जोरावर चारही दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली. अखेरच्या हिरवळीवरील तिचा पट खळग्यात पडला नाही. तिचे फटके झाले 269. पदक 268 ला होते.

खळग्याचा व्यास अवघा 108 मिलिमीटर. त्या एका फटक्याने पदक हुकले हे खरे. परंतु पदकाच्या इतक्या जवळ तिला आणले, तेही ह्याच हलक्या हाताच्या फटक्याने.