घोरणं, जीभ आणि छातीतलं मशीन

मागच्या महिन्यात एका गटाकडून चिठ्ठी आली होती. लिहिलं होतं, "छातीत मशीन बसवून घोरणं बंद करतात असं मोबाइलवर बघितलं, खरं आहे का ताई?" खरं आहे. पण ते मशीन नुसत्या घोरण्यासाठी बसवत नाहीत. घोरण्याच्या आड कधी कधी एक आजार लपलेला असतो, त्यासाठी बसवतात. तेही सगळ्यांना नाही. म्हणून आधी आजार समजून घेऊ, मग मशीनकडे येऊ.

आजाराचं नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. विहिरीवरच्या मोटारीला पाणी ओढणारा पाइप कडक लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे मऊ नळी लावली तर ओढ लागताच ती चपटी होते. आपला घसा ही तशी मऊ नळीच आहे. जागेपणी आजूबाजूचे स्नायू तिला ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि श्वास ओढताना नळी मिटते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मग मेंदू त्या माणसाला हलवून जागं करतो. मोठा घुरका येतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही.

असा श्वास किमान 10 सेकंद अडकला किंवा फार मंदावला तर डॉक्टर तो मोजतात. तासाला 5 पेक्षा कमी वेळा असेल तर चिंता नाही. 15 च्या पुढे गेला तर मध्यम आजार, 30 च्या पुढे तीव्र. तासाला 30 म्हणजे सात तासांच्या झोपेत 200 हून जास्त वेळा! अशी झोप घेऊन उठलेल्या माणसाला ताजंतवानं कसं वाटणार? रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते ती वेगळीच.

आता बायकांचं सांगते. पुरुष घोरला की घरात चेष्टा होते, निदान सगळ्यांना माहीत तरी असतं. बाई घोरते हे ती लपवते, घरचेही बोलत नाहीत. शिवाय बायकांमध्ये हा आजार नेहमी मोठ्या घोरण्यानेच दिसतो असं नाही. सकाळी डोकं दुखणं, रात्री झोपमोड, दिवसभर थकवा, चिडचिड, उदास वाटणं अशीही त्याची लक्षणं असतात. पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. आमच्या एका गटात बावन्न वर्षांच्या मावशी आहेत. बैठकीत पासबुकं भरेपर्यंत त्यांची मान खाली. बाकीच्या हसायच्या. रक्त कमी असेल म्हणून त्यांनी दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. बाळंतपणाला आलेली मुलगी रात्री शेजारी झोपली, तेव्हा आईचा श्वास मध्येच थांबतो हे तिच्या ध्यानात आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी झोपेची तपासणी केली, त्यात आजार निघाला.

मावशींना मिळाला तो यावरचा मुख्य उपचार, सीपॅप मशीन. नाकावर मास्क लावतात, मशीन हलक्या दाबाने हवा आत सोडतं आणि त्या हवेने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. उपचार चांगला आहे, पण रोज रात्री मास्क लावून झोपणं सोपं नाही. कुणाचा जीव घाबरतो, कुणाचं नाक कोरडं पडतं आणि लाइट गेली की मशीन बंद. मावशींना सवय व्हायला पंधरा दिवस लागले. काहींना कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. छातीतलं मशीन आलं ते या न जमणाऱ्यांसाठी.

त्याची युक्ती बघायची असेल तर आत्ता ऐकता ऐकता जीभ बाहेर काढा. घरात कोणी बघत असेल तर बघू दे. जीभ बाहेर येते तेव्हा तिचं मूळही पुढे सरकतं आणि मागे घशात जागा होते. जिभेला हा हुकूम मेंदूकडून एका नसेतून येतो. आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो, ही ती नव्हे. ही संदेश नेणारी नस, मेंदूतून निघणाऱ्या अशा नसांच्या जोड्यांमधली बारावी. झोपेत या नसेला हलका विजेचा झटका दिला की जीभ पुढे सरकते.

ऑपरेशनमध्ये गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत छोटं मशीन ठेवतात. हृदयाच्या पेसमेकरसारखंच दिसतं. त्यातून एक वायर हनुवटीखाली त्या नसेपर्यंत नेतात. इथे खरी कारागिरी आहे. या नसेच्या काही फांद्या जीभ पुढे नेतात, काही मागे ओढतात. पुढे नेणाऱ्या फांद्या निवडून फक्त त्यांच्याभोवतीच वायरचं टोक गुंडाळावं लागतं. श्वास आत जायला लागला की मशीनला कळतं आणि त्याच वेळी ते नसेला इशारा देतं. जखम भरल्यावर साधारण महिन्याने मशीन सुरू करतात आणि जोर हळूहळू वाढवतात. मग रात्री झोपताना रिमोटने चालू करायचं, सकाळी बंद. दुखत नाही, जीभ ओढल्यासारखी वाटते. बॅटरी दहा-अकरा वर्षं चालते, नंतर ती बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन.

हे काम अमेरिकेतल्या इन्स्पायर नावाच्या कंपनीने पुढे नेलं. अमेरिका आणि युरोपात 126 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल 2014 मध्ये छापून आले. मधल्या रुग्णाचा आकडा धरला तर तासाला 29 वेळा अडकणारा श्वास वर्षभराने 9 वर आला. ज्यांना गुण आला त्यांच्यातल्या काहींचं मशीन मुद्दाम आठवडाभर बंद ठेवलं, तर श्वास जवळजवळ पहिल्यासारखाच अडकायला लागला. म्हणजे मशीन चालू आहे तोवर गुण, आजार मुळातून जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने परवानगी दिली. आता बेल्जियमच्या एका कंपनीचं हनुवटीखाली बसवायचं मशीनही आलं आहे, त्यात शरीरात बॅटरीच नसते.

पण त्या चाचणीत पुरेसा गुण आला तो तिघांतल्या साधारण दोघांना. रुग्णांमध्ये पुरुषच बहुसंख्य होते, हेही मला खटकतं. शिवाय ऑपरेशनआधी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा बघावा लागतो. काहींचा घसा बटव्याची नाडी ओढल्यासारखा चारी बाजूंनी मिटतो, तिथे नुसती जीभ पुढे सरकवून भागत नाही. फार जास्त वजन असेल तरी बसवत नाहीत. काहींची जीभ दातांवर घासून दुखते. आणि खर्च कित्येक लाखांचा. त्यामुळे मोबाइलवरची जाहिरात बघून कुणी कर्जाचा अर्ज घेऊन आली, तर मी आधी विचारणार, तपासणी झाली का, मास्क वापरून बघितला का?

तपासणी फार अवघड नसते. बोटाला, छातीला आणि नाकाशी यंत्र लावून एक रात्र झोपायचं, काही ठिकाणी ते यंत्र घरीच देतात. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने फरक पडतो. पाठीवर झोपण्याऐवजी कुशीवर झोपल्याने काहींना आराम मिळतो. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. बारीक माणसाला हा आजार होत नाही असं मात्र समजू नका, जबडा लहान असला तरी होतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत न्या, कारण अडकलेला श्वास शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येतो. मोबाइलवर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून नेलंत तर फारच छान. फक्त करण्याआधी त्या माणसाला सांगा आणि ते गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. नमस्कार.