घार, घुबड आणि माझा कॅमेरा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

एरवी मी इथं येते ती कर्ज, हप्ते आणि पापड-कुरडयांचं बोलायला. आज जरा वेगळं सांगायचंय. आज शिकारी पक्ष्यांचं सांगणार आहे. म्हणजे घार, भोवत्या, घुबड. फोटो काढायच्या नादात हे पक्षी मी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिले. त्यातून दोन गोष्टी शिकले आणि एक मोठी चूक केली. ती चूक मी एकटीनं केली नाही, आमच्या गटाच्या नावानं केली. म्हणूनच ती तुम्हाला सांगायला आले.

आधी घारीचं सांगते. माझ्या भांगाच्या उजव्या बाजूला दोन ओरखड्यांच्या खुणा आहेत. नवी बाई बैठकीला आली की विचारते, "काय गं, पडली होतीस का?" पडले नव्हते. घारीनं मारलं होतं.

फेब्रुवारीचा महिना होता. ग्रामसंघाची रॅली निघाली होती. वरून फोटो चांगला येईल म्हणून मी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चढले. गच्चीला लागून निलगिरीचं उंच झाड आहे. त्यावर घारीचं घरटं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी मोबाईल डोळ्यांपुढं धरला आणि मागून एकदम वाऱ्याचा झोत आल्यासारखं वाटलं. डोक्यात फाडकन काहीतरी बसलं. मला वाटलं कुणी काठी घातली. वळून बघते तर घार वर जाऊन पुन्हा फिरली होती आणि पंख आवळून सरळ माझ्या तोंडाकडं येत होती. मी मटकन खाली बसले म्हणून डोळा वाचला. दवाखान्यात जाऊन जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा सुरू. झाड तोडा, घरटं पाडा, उद्या एखाद्या पोराचा डोळा जायचा. आमच्या सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "नव्या वासराजवळ गेलं तर आपली गायसुद्धा शिंग उगारती. म्हणून आपण गाय विकतो का?"

मग आम्ही गच्चीच्या जिन्याला कुलूप घातलं. पाण्याच्या टाकीकडं जायचं असेल तर डोक्यावर छत्री नाहीतर पाटी घेऊन जायचं, असं सांगितलं. घार बहुतेक वेळा मागून येते आणि उंच भागावर झडप घालते, म्हणून छत्रीनं काम होतं. एप्रिलमध्ये पिल्लं उडून गेली. तीच घार नंतर आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायची, पण कुणाकडं बघायचीसुद्धा नाही. म्हणजे तिचं भांडण माणसाशी नव्हतं. पिल्लं लहान होती तेवढ्यापुरतंच ते होतं.

आता दुसरी गोष्ट. आमचं गाव माळरानाच्या कडेला आहे. पाऊस कमी, जमीन मुरमाड, गवत गुडघ्याएवढं. पाहुण्यांना आम्ही लाजून सांगायचो, "आमच्याकडं बघण्यासारखं काय नाही." पण हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन याच माळावर येऊ लागले. कुणी कोल्हा बघायला, कुणी चिंकारा, पण जास्त करून शिकारी पक्षी. त्यांना सकाळी खायला काही मिळायचं नाही. आमच्या गटातल्या ११ जणींनी ठरवलं, आपण थाळी करू. पिठलं, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. १२० रुपये थाळी. पहिल्या हंगामातच गटाची चूल चांगली पेटली.

येणाऱ्यांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आपला जुना कॅमेरा मला स्वस्तात दिला आणि एक गोष्ट शिकवली. "पक्ष्याच्या मागे पळायचं नाही. बसायचं. त्याला यायचं असेल तर तो येतो."

एकदा डिसेंबरात पहाटे मी गवतात बसले. अंगावर मातकट रंगाची शाल, मांडीवर कॅमेरा. थंडीनं बोटं आखडलेली. उजाडायला लागलं तशा भोवत्या उठल्या. भोवत्या म्हणजे लांब पंखांचा, सडपातळ अंगाचा शिकारी पक्षी. ऑक्टोबरच्या सुमाराला मध्य आशियातून, हजारो किलोमीटर उडून तो आपल्या माळावर येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवरच झोपतो. दिवसभर गवताला घासत उडतो आणि नाकतोडे, सरडे, लहान पाखरं, उंदीर धरतो.

त्यातली एक मादी उडत उडत सरळ माझ्याकडं आली. पंखांचा आवाजसुद्धा नाही. मी श्वास धरला. तिचा चेहरा घुबडासारखा गोलसर, कारण तीसुद्धा कान देऊन भक्ष्य शोधते. दोन हातांवरून ती गेली. जाताना एकदा मान वळवून पिवळ्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या कामाला लागली. मी फोटो काढलाच नाही, हात उचललाच नाही. पण तेवढा आनंद मला बी.ए. पास झाल्यावरही झाला नव्हता.

इथपर्यंत सगळं बरं होतं. आता चुकीचं सांगते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक मेंढपाळ काका मला म्हणाले, "ताई, ओढ्याच्या कपारीत घुबडानं पिल्लं घातलीत." मी लांबून बघून आले. शृंगी घुबड होतं ते. डोक्यावर दोन शिंगांसारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे, कोंबडीपेक्षा मोठं. हे घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही. ओढ्याच्या दरडीत, कड्याच्या खोबणीत, सरळ मातीवर अंडी घालतं. त्या कपारीत दोन पिल्लं होती, कापसाच्या बोळ्यांसारखी, आणि एक अंडं.

त्याच आठवड्यात सहा जणांचा ग्रुप थाळीला आला. बोलता बोलता माझ्या तोंडून घुबडाचं निघून गेलं. एक जण लगेच म्हणाला, "ताई, दाखवाल का? दोन हजार देतो." थाळीचे वेगळे, दाखवायचे वेगळे. मी मनात हिशोब केला. दोन हजार म्हणजे गटाच्या नव्या पातेल्यांचे पैसे. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आम्ही नऊ वाजता ओढ्यात उतरलो. घुबडीनं आम्हाला बघितलं. सगळी पिसं फुलवली, पंख पसरून सुपाएवढी झाली, चोचीनं टक-टक आवाज केला. ती सांगत होती, पुढं येऊ नका. फोटोवाले म्हणाले, "काय भारी पोज!" आणि आणखी पुढं सरकले. शेवटी ती उडाली आणि पलीकडच्या बाभळीवर बसली. आम्हाला वाटलं, आत्ता येईल परत. आम्ही दीड तास तिथंच होतो. ऊन कपारीत आलं, पिल्लं माना टाकून पडली, तरी कुणी हललं नाही. मीही नाही.

दिवसा घुबड दिसलं की कावळे गोळा होतात, हे तुम्ही बघितलंच असेल. बाभळीवर कावळ्यांचा कालवा सुरू झाला. त्यातला एक डोमकावळा खाली उतरला. आई पलीकडं, मधे आम्ही सात माणसं. त्यानं आमच्या डोळ्यांदेखत धाकटं पिल्लू उचललं आणि गेला. कॅमेरे खटखट वाजले. कुणीतरी म्हणालं, "मिळाला का शॉट?" मैत्रिणींनो, माझ्याही बोटानं बटण दाबलं होतं. तो फोटो माझ्याकडं आहे.

दोन दिवसांनी मेंढपाळ काका आले. कपार मोकळी होती. आमच्या पायवाटेच्या वासानं मुंगूस गेलं, कुत्रं गेलं की आणखी कोण, सांगता येत नाही.

शनिवारच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि दोन हजार रुपये वहीवर ठेवले. एक जण म्हणाली, "बरं झालं की. घुबडच ते. अपशकुनी." दुसरी म्हणाली, "तसं नको बोलू, घुबडाला दगड मारला तर ते दगड झिजवत बसतं आणि माणूस झिजतो." अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मी विचारलं, "ज्वारीत आणि भुईमुगात उंदीर किती लागतात?" सगळ्या एका सुरात बोलायला लागल्या. या घुबडाचं मुख्य खाणं उंदीर आणि घुशी. रात्री आपण झोपतो तेव्हा ते आपल्या रानात राखण करतं, पगार मागत नाही. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली घुबड महोत्सव भरला होता. शाळेच्या पोरांनी घुबडांची चित्रं काढली होती. आपल्याच जिल्ह्यातलं गाव ते. मग आपण अजून अपशकुनातच का अडकायचं?

सगळ्यात शेवटी आमच्या गटातल्या थोरल्या आक्का बोलल्या. त्या कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत आपण परका माणूस सोडतो का? आणि सोडायचे पैसे घेतो का?" बैठक गप्प झाली. पातेली घ्यायची नाहीत असं ठरलं. त्या पैशातून माळावर मेंढरांसाठी आणि जनावरांसाठी पाण्याची सिमेंटची कुंडी बसवली.

नंतर वनरक्षक भाऊंनी आम्हाला कायदा समजावला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं फोडणं, त्याला त्रास देणं हेही शिकारीतच धरलंय. म्हणजे बंदूक न घेता आम्ही शिकारीला गेलो होतो.

आम्ही ठरावाच्या वहीत लिहिलं ते सांगते. तुमच्या गावातही असे पाहुणे येत असतील तर तुम्हीही लिहा.

पहिलं, कुठल्याही पक्ष्याचं घरटं दाखवायचं नाही आणि त्याची जागा कुणाला सांगायची नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. दुसरं, पक्षी जवळ यावा म्हणून कोंबडीचं मांस टाकायचं नाही, मोबाईलवर आवाज वाजवायचा नाही, रात्री घुबडावर फ्लॅश मारायचा नाही. तिसरं, माळावर गाडी वाटेवरच ठेवायची आणि गाडीतूनच फोटो काढायचा, कारण चालत्या माणसाला पक्षी जास्त बुजतो. चौथं, पक्षी खायचं थांबला, आपल्याकडंच टक लावून बघायला लागला, ओरडायला लागला, पिसं फुलवली, की आपण जास्त जवळ आलोय. मागं फिरायचं. पाचवं, रानात उंदरांचं विष जपून वापरायचं. विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबडही मरतं.

आणि कधी जखमी पक्षी सापडला तर जाड कापड टाकून उचला, कारण नखं फार लागतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

आता तुम्ही विचाराल, धंद्याचं काय झालं? खोटं सांगत नाही. आमचे नियम ऐकून त्या हंगामात दोन ग्रुप तुटले. "मग आम्ही दुसऱ्या गावाला जातो," म्हणाले. १६ थाळ्या, दोन दिवस, म्हणजे ३,८४० रुपये गेले. दोघी जणी माझ्यावर रुसल्या, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. घरात लेकराची फी भरायची असते. पण जे राहिले ते दरवर्षी येतात. जाताना चटणी आणि कुरडया घेऊन जातात. भरपाई पूर्ण झाली नाही, पण चूल बंदही पडली नाही.

यंदा जानेवारीत रात्री उशिरा मी हिशोबाची वही लिहीत बसले होते. ओढ्याच्या बाजूनं घुबडाचा घुमारा ऐकू आला. थोड्या वेळानं दुसऱ्यानं उत्तर दिलं. म्हणजे जोडी परत आली आहे. सासूबाई म्हणाल्या, "जाऊन बघून ये की." मी गेले नाही. मेंढपाळ काकांनाही सांगितलंय, दिसलं तरी मला सांगू नका.

चला, आपल्या शनिवारच्या बैठका चुकवू नका, हप्ते वेळेवर भरा. पुढच्या वेळी येईन तेव्हा पुन्हा व्याजाचं बोलू. नमस्कार.