आधी कामठेवाले बोलतील



सातपुडा उतरून, तापी ओलांडून आलेल्या सगळ्यांचं अमळनेरात स्वागत. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, धडगाव आणि पलीकडे थेट सेंधव्यापासून माणसं आली आहेत. काही जण रात्रीच येऊन आमच्या भिलाटीत उतरले. तिथे जागा अपुरी पडली, पण कुणी तक्रार केली नाही. गप्पांत रात्र कशी गेली ते कळलंच नसावं.

स्वागताध्यक्षानं आधी गावाची थोरवी सांगायची अशी रीत आहे. ती लवकर उरकतो. बोरीकाठचं हे सखाराम महाराजांचं गाव. साने गुरुजी इथे मास्तर होते. १९४५ साली इथे तेलाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो झाली. २०२४ साली मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं. आपल्या विषयाला, म्हणजे तिरकामठ्याला, मात्र जवळचं गाव अमळनेर नाही, रेल्वेनं थोडं पुढे गेल्यावर लागणारं धरणगाव. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला, पण डोंगर काही त्यांच्या हाती येईना. मग १८२५ साली औट्राम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. पगार दिला, वर्दी दिली, हातात बंदूक दिली. त्या छावणीत किती जणांनी खांद्यावरचा तिरकामठा उतरवून ठेवला असेल, याची नोंद कोण करणार?

आज ज्या जुन्या जाणत्या माणसाची आठवण काढायला आपण जमलो, तो खाज्या नाईकही आधी सरकारी चाकरीतच होता. मुंबई-आग्रा रस्ता सेंधव्याच्या घाटातून जातो. त्या घाटाची राखण आधी त्याच्या बापाकडे होती, पुढे त्याच्याकडे आली. पकडलेला एक संशयित मारहाणीत मेला म्हणून नाईकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीआधी सुटका झाली आणि १८५७ साली सरकारनं त्याला पुन्हा कामावर घेतलं. घाट सांभाळायला दुसरं कोण होतं? त्याच वर्षी नाईक उलटला. इंदुराहून मुंबईला निघालेला सुमारे ७ लाखांचा खजिना त्यानं घाटात लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला इंग्रजांशी लढाई झाली. नाईकाच्या बाजूला तिरकामठे होते, तशा मकराणी शिपायांच्या तोड्याच्या बंदुकाही होत्या, हे विसरू नका. आपल्या पोवाड्यांत सगळी लढाई बाणांवरच होते, म्हणून मुद्दाम सांगतो. पकडलेल्या माणसांना तिथेच गोळ्या घातल्या, बायका कैद केल्या. नाईक निसटला, आणि १८६० मध्ये दगा देऊन त्याला मारलं. त्याचा साथी भीमा नाईक अंदमानात वारला.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते बहुतेक त्याला पकडायला निघालेल्यांच्या कागदांवरून. त्या कागदांत किती बंदुका, किती कैदी, किती रुपये याचा हिशोब आहे. कामठा कुणी वाकवला, बांबू कुठून तोडला, याचा एकही शब्द नाही. नाईकांचे पुतळे उभे राहिले, जयंत्या होतात, ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तिरकामठे उंचावले जातात. त्यातले बरेच हल्ली प्लायवुडचे असतात. पोरं हौसेनं नेतात, त्यांना हसायचं नाही. पण खरा कामठा करणारे बाबा मिरवणुकीच्या कडेला उभे असतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

विचारण्यासारखं पुष्कळ आहे. कामठ्याला मानवेल घेतात, तो चांगला भरीव आणि जुना हवा. कोवळा बांबू वाकतो, पण परत उसळत नाही. अमावास्येच्या सुमारास तोडला तर भुंगा लागत नाही, असं जुनी माणसं मानतात. बांबूची ताकद सालीजवळच्या दाट धाग्यांत असते. म्हणून सालीची बाजू तिरंदाजापासून लांब, बाहेरच्या अंगाला ठेवतात आणि तासणी फक्त आतून करतात. साल एकदा खरवडली गेली की तो कामठा कधीतरी हातातच मोडणार. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत आणि गाठी दोन्हीकडे तोलून आल्या पाहिजेत. ते मोजपट्टीनं होत नाही. ओढून बघायचं, पुन्हा तासायचं, पुन्हा ओढायचं. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते. पावसात ती तातीसारखी ढिली पडत नाही. आणि तीर काय एका जातीचे? जनावराला सुरीसारखं पातं किंवा खिळ्यासारखं टोक. पाखराला नुसतं बोथट बोंड, म्हणजे पाखरू फाटत नाही, खाली पडतं. माशासाठीच्या तिराची करामत तर ऐकाच. मासा लागला की टोक दांडीतून सुटतं, दोरीनं मात्र बांधलेलं राहतं, आणि पाण्यावर तरंगणारी दांडी मासा कुठे आहे ते दाखवते.

शिकारीला १९७२ च्या कायद्यानं लगाम बसला. तो कायदा हवाच होता, जंगलात जनावर उरलं पाहिजे. पण त्यानंतर कामठ्याला काम उरलं ते होळीपुरतं आणि नाचापुरतं. वापर गेला की कारागीर थांबतो. प्लायवुड मग आपोआप येतं.

अंगठ्याचंही बोलतो, कारण एकलव्याची गोष्ट इथे निघणारच. भिल्ल तर्जनी आणि मधल्या बोटानं दोरी ओढतात, अंगठा लावत नाहीत. तो गुरुदक्षिणेत गेला म्हणून, असं आपल्याकडे सांगतात. आता ऑलिंपिकची तिरंदाजी टीव्हीवर नीट पाहा. तिथेही दोरी बोटांनीच ओढतात. अंगठ्याची ओढ तुर्कांची, मंगोलांची, आणि त्यासाठी त्यांना वेगळी अंगठी लागायची. द्रोणाचार्यांनी मागितलं ते ज्याच्या त्याच्या हिशोबात असू द्या. आपल्या पोरांच्या नेमात कमी काही राहिलेलं नाही, राहिली ती मैदानाची आणि प्रशिक्षकाची सोय.

म्हणून आजचा क्रम थोडा उलटा ठेवला आहे. अध्यक्ष आणि पाहुणे दुपारी बोलतील, त्यांची परवानगी घेतली आहे. आधी कामठेवाले बोलतील. भिलीत बोला, पावरीत बोला, अहिराणीत बोला. घंटा वाजवायची नाही, असं संयोजकांना बजावलं आहे. प्रताप महाविद्यालयातली काही मुलं आवाज आणि चित्र टिपून घेतील. तुम्ही तासत असाल तर हातांचं चित्र घेऊ द्या, लाजू नका. बाबांनो, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या तुमच्यासाठी आहेत. तिथे बसलेल्या पुढाऱ्यांनी जरा मागे सरकावं, राग मानू नये.

जेवण एक वाजता. कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी आहे. नेमबाजीचं मैदान मंडपाच्या मागे आखलं आहे. दोरीच्या आत लहान मुलांना सोडू नका, आणि पातं लावलेले तीर आज भात्यातच राहू द्या, बोथटच वापरा.